नाकाबंदीची जागा रोज बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शनिवारी रात्री नाकाबंदी कुठे लागते, हे शहरातल्या पिणाऱ्यांना पाठ असते. ठरलेला चौक, ठरलेली वेळ. ज्याला चुकवायचे तो अलीकडच्या गल्लीत वळतो. सापडतो तो बहुधा बाहेरगावचा.

राजस्थान पोलिसांनी हा प्रश्न मोजून पाहिला आहे. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, डॅनियल केनिस्टन आणि तिथल्याच आयपीएस अधिकारी नीना सिंह यांनी मद्यपी चालकांविरुद्धची मोहीम ठाण्याठाण्यांत वेगवेगळ्या पद्धतीने राबवली. कुठे कोणती पद्धत, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरले. काही ठाण्यांत सर्वांत मोक्याच्या एकाच जागी नाका, काहींत तीन जागांपैकी आलटून पालटून. जागा बदलणाऱ्या नाक्यांमुळे रात्रीचे अपघात १७ टक्क्यांनी आणि मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. एकाच जागच्या नाक्याचा दखल घेण्याजोगा परिणाम दिसला नाही, कारण वाहने आडरस्त्यांनी निघून जात होती.

दुसरा निष्कर्ष आपल्याकडे अधिक झोंबेल. ठाण्याच्या कर्मचाऱ्यांपेक्षा पोलीस लाइनमधून (म्हणजे राखीव पोलिसांतून) खास या कामावर घेतलेली, जीपीएसवर नजर असलेली पथके ठरल्या रात्री जास्त नेमाने हजर राहिली. ठाण्यातल्या हवालदाराला बंदोबस्त, समन्स, पंचनामा सगळेच ओढत असते. नाका मागे पडतो.

आपल्याकडे हे करायला नवा खर्च फारसा नाही. मोहीम राबवणाऱ्या प्रत्येक ठाण्याने तीन जागा निवडाव्यात, त्यातली एक तरी आडरस्त्यावर. आजची जागा नियंत्रण कक्षाने ऐनवेळी कळवावी. दुपारीच कळवली तर संध्याकाळपर्यंत ती व्हॉट्सॲपवर फिरते. नोंदवहीत जागा, वेळ, थांबवलेली वाहने, फुंकर मारायला लावलेले चालक आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधील मद्याच्या मर्यादेपेक्षा (१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम) जास्त भरलेले, असे वेगळे रकाने हवेत. नुसता केसेसचा आकडा फसवतो: धाक बसला की केसेस कमी होतात आणि नेमका तेव्हाच ‘कारवाई ढिली’ असा शेरा बसतो.

म्हणून हद्दीतले रात्रीचे अपघात वेगळे मोजावेत, आणि मोहीम न राबवलेल्या शेजारच्या ठाण्याशी ताडून पाहावेत. ३१ डिसेंबरची एक रात्र या मोजणीतून सोडून.

आपला,
एक वाचक, पुणे