गोळ्यांआधी रक्त तपास

सातारा

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तेच पान तीनदा वाचावं लागतं, शब्द ओठावर येऊन अडतो, असं फोनवर म्हणालीस. स्वतःला मठ्ठ म्हणू नकोस, बाळा. बाविसाव्या वर्षी बुद्धी अशी मंदावली की बहुतेकदा कारण सापडतं.

आधी झोप. तुझ्या वयाला सात ते नऊ तास लागतात. वाचलेलं मेंदूत पक्कं होतं ते झोपेतच, म्हणून रात्री दोनपर्यंत रेटलेला अभ्यास सकाळी आठवत नाही. दुपारनंतर कॉफी नको. पाच तासांनीही तिचा साधारण निम्मा अंमल उरतो. सर्दीसाठी सेट्रिझिन घेत असशील तर तीही गुंगी आणते.

मग रक्त. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-12 आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी), या चार तपासण्या विश्रामबागेतच कुठल्याही लॅबमध्ये होतील. बायकांत हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या (दर डेसिलिटर) खाली म्हणजे ॲनिमिया. पण ते ठीक असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो, तो फेरिटिन दाखवतं. 15 नॅनोग्रॅमच्या (दर मिलिलिटर) खाली गेलं की साठा संपला समज. ताप असताना ही तपासणी करू नकोस, आकडा खोटाच वर जातो. बी-12 भाजी-भाकरीत नसतं, दूध-दही-अंड्यात असतं, आणि मेसच्या ताटात दही किती पडतं ते तुला ठाऊक आहे. 200 पिकोग्रॅमच्या (दर मिलिलिटर) खाली कमतरता. 200 ते 300 म्हणजे काठावर, तेव्हा होमोसिस्टीनही (बी-12 कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) बघतात.

रक्त देईपर्यंत एकही टॉनिक सुरू करू नकोस. बी-12 घेतल्यावर आकडा लगेच चढतो आणि खरी कमतरता झाकली जाते. बी-12 कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड तर त्याहून वाईट: रक्त सुधारलेलं दिसतं, नसा मात्र आतून बिघडत राहतात. केसांच्या गोळ्यांत बायोटिन असतं, त्यानं थायरॉइडचा रिपोर्ट चुकतो. त्या निदान दोन दिवस आधी थांबव आणि लॅबवाल्यांना तसं सांग.

लोहाची गोळी डॉक्टरांनी दिलीच तर लिंबूपाण्याबरोबर घे. चहा-दुधापासून दोन तास लांब.

एक विचारते, खरं सांग. दोन आठवड्यांपासून कशातच मन लागत नाही, रडू येतं, असं आहे का? नैराश्यातही डोकं असंच जड होतं. 14416 वर टेली-मानसची, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनची, माणसं मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. आणि कधी अचानक बोलणं अडखळलं किंवा हातातलं बळ गेलं, तर थांबायचं नाही, थेट दवाखाना.

शनिवारी सकाळी रक्त दे. रिपोर्टचा फोटो मला पाठव आणि कागद घेऊन डॉक्टरांकडे जा.

तुझी,
आई