उसाच्या ट्रॅक्टरचा धूर आणि फुल केलेले पंप

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकपत्रांत एका गृहस्थांनी उसाच्या ट्रॅक्टरच्या धुरावर लिहिलं होतं, की गाडीची काच वर केली तरी वास आत येतो, असले ट्रॅक्टर सरळ जप्त करा. धुराची तक्रार खरी आहे. मी वाळवा तालुक्यातला ट्रॅक्टर मिस्त्री, सीझनमध्ये दिवसभर त्याच धुरात उभा असतो. पण धूर का येतो त्याबद्दल त्या पत्रात एक ओळ नव्हती म्हणून हे लिहितोय. लांबलंय जरा, कापायचं तर कापा.

कारखान्याचं बॉयलर अग्निप्रदीपन झालं की आमच्याकडं ऊस वाहतूकवाल्यांची गर्दी सुरू होते आणि निम्म्या लोकांची मागणी एकच, मिस्त्री पंप फुल करून द्या. काम काय असतं ते सांगतो. जुन्या पद्धतीच्या इंजिनात डिझेल पंपाला एक स्टॉप स्क्रू असतो, एका स्ट्रोकला जास्तीत जास्त किती डिझेल सोडायचं ते तो ठरवतो, कंपनी तो सेट करून वर सील मारते. सील तोडायचं, स्क्रू फिरवायचा, कोणी कोणी गव्हर्नरला, म्हणजे इंजिनाची गती आवरणाऱ्या भागाला, पण हात घालतात म्हणजे आरपीएम वर जातो, झालं काम. ड्रायव्हरला पिकअप लगेच जाणवतो आणि तो भास नसतो, थोडी ताकद खरोखर वाढते. पण डिझेल वाढलं तरी सिलिंडरमध्ये जाणारी हवा तेवढीच राहते ना. एक किलो डिझेल जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, तो झाला कागदावरचा हिशोब, प्रत्यक्षात आत डिझेल आणि हवा नीट मिसळायला वेळच मिळत नाही म्हणून हवा अठरा-वीस पटीच्या खाली आली की धूर धरायला लागतो. म्हणजे सायलेन्सरमधून जे काळं बाहेर पडतं ते तुम्ही पंपावर पैसे देऊन भरलेलंच डिझेल आहे, अर्धवट जळालेलं. पोरं त्याचे रील काढतात, डेक फुल आवाजात, मागं दोन ट्रॉल्या आणि वर काळा लोट, खाली हार्टांचा पाऊस!

स्क्रू पहिला थोडा फिरला की ताकद मिळते, त्याच्या पुढं नुसती उष्णता. एक्झॉस्टचं तापमान चढतं, पिस्टनचा माथा आणि व्हॉल्व भाजतात, हेड गॅसकेट जातं, कधी हेडलाच क्रॅक. जास्तीचं डिझेल लायनरवरचं, म्हणजे पिस्टन ज्या नळीत चालतो तिच्यावरचं, ऑइल धुवून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि मग रिंगा-लायनर झिजतात. सीझन संपल्यावर हाफ इंजिनच्या, म्हणजे इंजिन उघडून पिस्टन-रिंगा बदलायच्या, कामाला येतात त्यात पंप फुल केलेलेच जास्त, आणि तेव्हा कोणी म्हणत नाही की स्क्रूमुळं झालं, कंपनीचं मटेरियलच हलकं निघालं म्हणतात. काहीजण साध्या इंजिनावर बाहेरून टर्बो, म्हणजे सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबणारा पंखा, पण बसवून घेतात. हवा वाढते हे खरं, पण ते इंजिन टर्बोसाठी केलेलंच नसतं, त्याचं कॉम्प्रेशन जास्त असतं, पिस्टनला खालून ऑइलचा फवारा मारून थंड करायची सोय बऱ्याचदा नसते.

यावर लोकांचं एक उत्तर ठरलेलं असतं, की कंपनीच इंजिनाचा एकच ब्लॉक दोन-तीन वेगवेगळ्या एचपीला विकते, मग मी स्क्रू फिरवला तर बिघडलं काय? या बोलण्यात तथ्य आहे, नाही असं नाही. पण वरच्या मॉडेलला बऱ्याचदा क्लच मोठा असतो, रेडिएटर वेगळा, मागचा एक्सल दणकट, ब्रेक वेगळे. स्क्रूनं यातलं काहीच वाढत नाही. ब्रेकचं तर विचारूच नका. पंचेचाळीस-पन्नास एचपीचा ट्रॅक्टर, मागं खच्चून भरलेल्या दोन ट्रॉल्या, ट्रॉलीला चालणारा ब्रेक क्वचितच, चढाला पुढची चाकं उचलतात म्हणून बंपरवर वजनं बांधलेली, आणि त्याला अजून जोर हवा असतो. चढाचं बघायला इंजिन आहे, उताराला कोण धरणार?

आता मुद्द्याचं. एवढा जोर लागतो कशाला? नांगराला नाही लागत. वाहतुकीचे पैसे मिळतात टनावर आणि अंतरावर, वाहतूकवाला ऊसतोड टोळीला आगाऊ उचल देऊन बसलेला असतो, डोक्यावर ट्रॅक्टरचा हप्ता, कारखान्यात ऊस उतरवायच्या गव्हाणीसमोर लाईनमध्ये अख्खी रात्र जाते, मग जी खेप जाईल ती जास्तीत जास्त भरून न्यायची हे कोणीही करणार. ट्रॅक्टर जप्त करा म्हणणाऱ्यांनी हे बघावं की भरलेली प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्याच वजनकाट्यावरून जाते. किती टन आले ते तिथं लिहिलेलं असतं, रोज, प्रत्येक नंबरसकट. ठराविक टनाच्या वरच्या मालाला वाहतुकीचा दर द्यायचाच नाही असं कारखान्यांनी ठरवलं तर पंप फुल करायची निम्मी गर्दी आपोआप कमी होईल, आरटीओचा एक माणूस सुद्धा रस्त्यावर उभा करायला नको. पण तसं केलं तर खेपा वाढणार, वाहनं जास्त लागणार, म्हणून त्यावर कोणी बोलत नाही.

दुसरी गंमत सरकारी नियमाची. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरला ट्रेम स्टेज ४, म्हणजे ट्रॅक्टरच्या धुराचे कडक नियम, लागू झाले, त्या आधी ती तारीख पण ऑक्टोबर २०२० पासून ढकलत ढकलत आणलेली. ५० च्या खालच्यांना मात्र २०१०-११ च्या काळातलं ट्रेम ३-ए च चालू राहिलं. पन्नासच्या जरा वरच्या इंजिनाला आधी एका किलोवॉट-तासाला ०.४ ग्रॅम काजळीचे कण चालायचे, ते एकदम ०.०२५ वर आणले, म्हणजे सोळापट कडक. साध्या पंपावर हे जमणारंच नाही, म्हणून कॉमन रेल म्हणजे कॉम्प्युटरनं मोजून जास्त दाबानं डिझेल सोडणारी यंत्रणा, ईजीआर म्हणजे थोडा धूर परत इंजिनात फिरवायची सोय, बऱ्याच मॉडेलना सायलेन्सरच्या जागी डीपीएफ म्हणजे काजळीचा फिल्टर, आणि किंमत चांगलीच वर. मग गिऱ्हाईक काय करतं? पन्नासच्या आतला साध्या पंपाचा ट्रॅक्टर घेतं आणि माझ्याकडं येतं स्क्रू फिरवायला. कागदावर ४९, रस्त्यावर ५५, आणि धूर नवीन नियमाचाही नाही आणि जुन्याचाही नाही. नियमानं ५० वर रेघ मारली आणि सगळी गर्दी रेघेच्या अलीकडं आली.

ट्रेम ५ येणार म्हणून बरेच दिवस ऐकतोय, आधी एप्रिल २०२४ म्हणाले, मग ते एप्रिल २०२६ वर नेलं. तारखा पुढंमागं होतील पण पन्नासच्या आतल्या ट्रॅक्टरलाही फिल्टर लागायचे दिवस येणार हे नक्की, आणि मला खरी भीती त्याची आहे. फिल्टर वाईट नाही. चांगलीच वस्तू आहे, पांढरा रुमाल धरला तरी काळा होत नाही. पण तो साचलेली काजळी जाळून स्वतःला साफ करतो त्याला साडेपाचशे-सहाशे डिग्री लागतात. भाराखाली नांगर चालू असला की एक्झॉस्ट गरम राहतो आणि बरंच काम आपोआप होतं, पण आमच्याकडं ट्रॅक्टर कारखान्याच्या लाईनीत तासनतास आयडलिंगला उभा, फवारणीला, पाण्याच्या टँकरला, अशानं फिल्टर कधी तापतच नाही आणि चोक होतो. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, ट्रॅक्टर उभा करून रीजनरेशन करा, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळा म्हणून, ड्रायव्हरला दिव्याचा अर्थ माहीत नसतो, तो तसाच चालवतो, शेवटी ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजिनची ताकदच कमी करतो. त्यात ऑइल कमी राखेचं लागतं ते गावात मिळत नाही म्हणून मिळेल ते ओततात, ती राख मात्र जळत नाही, फिल्टरमध्येच बसते. डिझेल बॅरलमध्ये साठवायची सवय, त्यात पाणी, कॉमन रेलच्या इंजेक्टरला तेवढं पुरे.

अशा वेळी मिस्त्रीच्या हातात काय? काही नाही. बिघाडाचा कोड वाचायचं मशीन आणि सॉफ्टवेअर डीलरकडं, डीलर तालुक्याला किंवा जिल्ह्याला, ऊस शेतात तोडून पडलेला. माझ्याकडं असा एक ट्रॅक्टर आला, रीजनरेशनची कमांड देता आली असती तर काम तिथंच संपलं असतं, पण ती द्यायची सोय नव्हती. मालक तो दुसरीकडं घेऊन गेला आणि फिल्टर आतून पोकळ करून, ईसीयूचं मॅपिंग, म्हणजे किती डिझेल कधी सोडायचं त्याची सेटिंग, बदलून परत आला, वर पाच एचपी वाढवून दिले म्हणून खूश. मोटार वाहन कायद्यात कलम ५२ नं असले फेरफार चालत नाहीत, १८२-ए नं मालकाला एका फेरफाराला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण रस्त्यावर कोण बघणार, बाहेरून डबा तर तसाच दिसतो.

हे फक्त आपल्याकडं आहे असं पण नाही. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं जॉन डिअरवर कोर्टात केस घातली ती याच गोष्टीवरून, की दुरुस्तीचं पूर्ण सॉफ्टवेअर फक्त अधिकृत डीलरला देतात आणि शेतकऱ्याला नाइलाजानं तिथंच जावं लागतं. आपल्याकडं पन्नासच्या आतल्या ट्रॅक्टरांवर फिल्टर चढायच्या आधीच हा प्रश्न सोडवता येईल. कोड वाचायचं आणि रीजनरेशन द्यायचं टूल परवडेल अशा भावात बाहेरच्या मिस्त्र्यांना द्या, ईसीयूचं मॅपिंग लॉक ठेवा, त्याला आमची हरकत नाही. आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा ट्रेड आहेच, पण आता गॅरेज चालवणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या मिस्त्र्यांनी शिकायचं कुठं? आठ दिवसांचा वर्ग राहुरीला कृषी विद्यापीठात ठेवला तरी आम्ही येऊ, शक्यतो पावसाळ्यात ठेवा, सीझनमध्ये जमणार नाही. तिथंच पीटीओला, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टला, ताकद मोजायचा डायनामोमीटर लावून फुल केलेला पंप आणि सील असलेला पंप, दोन्हींचं डिझेल आणि एचपी लोकांसमोर मोजून दाखवा, माझ्या सांगण्यापेक्षा त्या आकड्यांवर लोक लवकर विश्वास ठेवतील.

आणि संपादक साहेब, जमलं तर तुमच्या वार्ताहराला या हंगामात एखाद्या कारखान्याच्या काट्यावर पाठवा आणि एका दिवसात ट्रॅक्टरमागं किती टन आले ते छापा.

आपला,
एक ट्रॅक्टर मिस्त्री,
ता. वाळवा, जि. सांगली