दिग्याला, तू रागावायच्या आत

पुणे, सोमवार, रात्री उशिरा

दिग्या,

आधी 'स. न. वि. वि.' लिहिलं होतं, मग खोडलं. तुला वाटलं असतं, पैसे मागतोय.

गेल्या गणपतीपासून मी तुला एक ओळ लिहिलेली नाही, हे मला कळतंय. फोन करता आला असता. पण फोनवर तू नुसता 'हं' म्हणतोस आणि त्या 'हं'चा अर्थ मला इतक्या वर्षांत लागलेला नाही. शिवाय जे सांगायचंय ते तोंडाने सांगायची माझी छाती नाही. म्हणून हे पत्र. सुधाचा भाचा उद्याच्या रातराणीने येतोय, त्याच्याजवळ देतो. तब्येत म्हणशील तर शुगर काठावर, गुडघा होता तिथेच. सुधा ठीक.

मी सिसिलीला जाऊन आलो. हसून घे. चौतीस सीटच्या गाडीत लोकांना गणपतीपुळं दाखवणारा नंदू इटलीत! प्रभात रोडचे डॉक्टर आणि बाई आठवतात ना? दिवेआगरला डाळीत मीठ जास्त झालं म्हणून अर्धे पैसे परत मागितले होते, तेच. त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. बाईंनी 'द व्हाइट लोटस' नावाची इंग्रजी मालिका पाहिली आणि म्हणाल्या, मला त्याच हॉटेलात राहायचंय. सोबत भरवशाचं कोणीतरी हवं, म्हणून मी.

मालिका मीही पाहिली, आमच्या चिन्मयने बसवून दाखवली. गोष्ट अशी की महागड्या हॉटेलात श्रीमंत माणसं सुट्टीला येतात आणि आठवडाभर एकमेकांचा जीव खातात. दर सीझनला सुरुवातीलाच मेलेलं माणूस. आणि हे बघून लोक त्याच हॉटेलात खोली मागतात! तुमच्याकडे बावीत कोणी पडलं तर दहा वर्षं संध्याकाळचं त्या वाटेने कोणी जात नाही. पहिला सीझन करोनात झाला, हवाईतल्या माउई बेटावर. हॉटेल रिकामंच होतं, त्यांनी ते शूटिंगला दिलं. दुसरा 2022 साली सिसिलीत, ताओर्मिना गावी. तिसरा 2025 मध्ये थायलंडच्या को समुईला. तिथे तर सरकारने शूटिंगला सवलत दिली आणि पर्यटन खातं जाहिरातीला सोबत उभं राहिलं. पडद्यावर दिसलेली जागा बघायला प्रवासाला निघणं, याला म्हणे 'सेट-जेटिंग' म्हणतात. चिन्मयने मला हा शब्द असा सांगितला, जसा मी त्याला लहानपणी 'अ अननसाचा' सांगितला होता.

ताओर्मिना मात्र खरंच बघण्यासारखं आहे, त्यात खोट नाही. हॉटेल म्हणजे डोमिनिकन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा जुना मठ, 1896 पासून हॉटेल. ओवऱ्या, मधे बाग, समोर समुद्र आणि उजवीकडे धूर सोडत बसलेला एटना ज्वालामुखी. एका रात्रीचं भाडं लाखाच्या वर. मी अर्थात खाली जार्दिनी नॅक्सोसला, शॉवरमध्ये वळलं की नळ बंद व्हायचा अशा खोलीत. डॉक्टरांनी एकदा कॉफीला वर बोलावलं. साधू जिथे माळ ओढत असतील तिथे बाई सेल्फी काढत होत्या. मी आपला कॉफी पुरवून पुरवून प्यायलो.

पहिल्याच संध्याकाळी बाईंनी विचारलं, "बीच कुठाय?" मालिकेत माणसं हॉटेलातून निघतात ती थेट वाळूवर. इथे हॉटेल कड्यावर, समुद्र दोनशे मीटर खाली, केबल कारने उतरायचं, आणि खाली गोटे! मी चौकशी केली. मालिकेतला तो पुळणीचा बीच चेफालूचा, बेटाच्या पार उत्तरेच्या किनाऱ्यावर, गाडीने अडीच-तीन तास. कॅमेऱ्याने मधला रस्ता गिळला. समुईचंही तेच. पडद्यावर हॉटेल एक, प्रत्यक्षात तुकडे चार ठिकाणचे, आणि त्यातलं एक फुकेतला, म्हणजे पार दुसऱ्या समुद्रावर. बाई माझ्याकडे अशा बघत होत्या जशी वाळू मीच हलवली. शेवटी नेलं चेफालूला. तिथे आमच्यासारखेच पन्नास जण मोबाइलमध्ये दृश्य लावून जागा शोधत होते.

येताना बाईंनी तिथली ती चिनीमातीची मुंडकी घेतली, फसवणाऱ्या प्रियकराचं डोकं उडवून त्याच्या कवटीत तुळशीसारखं रोप लावलं अशी तिकडची दंतकथा आहे. मालिकेत ती सारखी दिसतात. दोन मुंडकी मांडीवर घेऊन मी मुंबईपर्यंत आलो. एकाचं नाक गेलं. त्याचे पैसे अजून निघाले नाहीत.

इथपर्यंत गंमत आहे. आता खरं सांगतो.

परवा त्यांच्याकडे जेवायला बोलावलं होतं, फोटो बघायला. डॉक्टर दर फोटोला म्हणत, "आपल्याकडे असं काही नाहीच हो." तिसऱ्यांदा म्हणाले आणि माझं डोकं फिरलं. तुला माहीत आहे माझं कसं फिरतं ते. मी पाकिटातून तो फोटो काढला. सत्त्याऐंशीचा, आपण दोघं कातळावर, तू लेंग्यात, मागे आपली पुळण, माणूस नाही काणूस नाही. म्हटलं, हे बघा. सगळे गप्प. टेबलावर बाईंचा भाचा होता, एका वेब सिरीजवाल्यांसाठी लोकेशन शोधतो. त्याने विचारलं, काका, हे कुठंय? आणि दिग्या, मी नाव सांगितलं. नुसतं नाव नाही, फाटा सांगितला, पाखाडी सांगितली, आणि 'तिथे माझा मित्र राहतो' हेही सांगितलं.

तीनदा फोन आलाय त्याचा. शनिवारी रेकीला निघतोय.

तेव्हापासून मला एकच दिसतंय. आकेरीचा तो वाडा. 'रात्रीस खेळ चाले' 2016 साली आली आणि लोक गाड्या करून वाडा बघायला जायला लागले. मीही नेली की एक बस. थायलंडचा तो माया बे, तिथला 'द बीच' सिनेमा आला 2000 साली, आणि पुढे एवढी माणसं लोटली की प्रवाळ मेलं. 2018 मध्ये किनारा बंद करावा लागला तो 2022 लाच उघडला. तुमच्या पुळणीवर तर कासवं येतात. रात्री शूटिंगचे दिवे लागले तर ती पिल्लं समुद्राऐवजी दिव्याकडे चालत जातील, हे तूच मला शिकवलंस. आणि एप्रिलात बाव तळाला जाते तेव्हा हॉटेलवाले पाणी कुठून आणणार? तुझ्याच दारातून.

पण सगळं खरं लिहायचं ठरवलंय. मला नुसती लाज वाटत नाहीये. शहाण्णवला तू घेऊन दिलेले माझे पाच गुंठे आहेत ना, चिन्मयने काल रात्री कॅल्क्युलेटर घेऊन त्यांचा हिशोब मांडला. सुधा म्हणाली, उगाच स्वप्नं बघू नका. मी तिच्यासमोर हो म्हटलं आणि आत जाऊन तो कागद उशाखाली ठेवला. तुझ्या पडवीचाही त्यात आकडा आहे. 'एका रात्रीचे पंधरा हजार, बाबा, जशी आहे तशी.' तुझी पडवी! जिथे मी पावसाळ्यात अंगावर गळती घेऊन झोपलो!

म्हणशील, हा बदलला नाही. 'दिल चाहता है' आला त्या 2001 च्या दिवाळीचं आपल्या गोवा टूरचं पत्रक आठव. मला 'सिनेमातला शापोरा किल्ला' असं मोठ्या अक्षरात छापायचं होतं. तू म्हणालास, वर एक भिंत आहे आणि वारा आहे, लोक चढून विचारतील, आता काय? मी तुला धंदा कळत नाही म्हणालो. चार बस भरल्या. तू हिशोब मिटवून गावी गेलास. तिसऱ्या बसमधल्या एक काकू धापा टाकत वर आल्या, भिंतीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बरं, आता काय?" हे मी तुला कधी सांगितलं नाही. आज सांगतोय म्हणजे बघ.

बाकी तुझं कसं चाललंय? वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन झालं ना? नवीन नौकेचं कर्ज मिळालं का? मुलीला निकालाबद्दल शाबासकी सांग, पेन पाठवतोय. कलमांना मोहोर कसा आहे ते कळव.

आणि शनिवारच्या आत एकदा वरच्या आंब्याखाली, रेंज येते तिथे, चढून मला फोन कर. शिव्या दे, पण 'हं' करू नकोस, हो किंवा नाही ते सरळ सांग. त्या पोराला मी फाट्यावरून डावीकडे वळायला सांगितलंय. तू म्हणशील तर उजवीकडे सांगतो. तिकडे गेला तर जेटीवर पोचेल, मासळीचा लिलाव बघेल, नाकाला रुमाल लावून परत येईल.

तुझा,
नंदू

ता. क. सुधाच्या भाच्याकडे चितळ्यांची बाकरवडी दिलीय. त्याने वाटेत फोडली तर पाकीट मोजून घे, दोन होती.