आजीचा लोड

नागपूर

चि. ओंकारास अनेक उत्तम आशीर्वाद.

आजीला काल दुपारी घरी आणले. छातीतले पाणी उतरले आहे आणि आता जिना चढवताना सोडले तर तिला धाप लागत नाही. तू न सांगता पाठवलेले पैसे पोचले. ही गोष्ट मी शेजारच्या काकांना दोनदा सांगितली, म्हणून तुझी आई मला रागावली. पत्र मात्र लिहितो आहे ते रविवारी रात्री फोनवर तुझ्यावर ओरडलो त्याबद्दल.

तू म्हणालास, "बाबा, लोड नका घेऊ, सीन सेट होईल." काळजी करू नका, सगळे ठीक होईल, एवढेच तुला म्हणायचे होते; पण स्पीकर चालू होता. आजीने मान वळवून मला विचारले, "लोड काऊन नको म्हणून राहिला तो? पाठीले तर पायजे." तिच्या कानी लोड म्हणजे गादीवरचा, आजोबा ज्याला टेकून हिशेब लिहीत तो. नातू आपल्या पाठीचा आधार काढायला सांगतो आहे, असे तिला वाटले. सलाईन लावलेल्या हाताने ती मागची उशी चाचपू लागली, ते माझ्याने पाहवले नाही आणि मी तुला नको ते बोललो.

नव्या शब्दांशी माझे वैर नाही, हे तू खरे मान. ताईची परी दिवसभर 'सिक्स सेवन' म्हणत फिरते आणि अर्थ विचारला की दोन्ही तळवे वरखाली करून हसत सुटते. ज्याला धड अर्थ नाही, त्याच दोन आकड्यांची २०२५ साली डिक्शनरी डॉट कॉमने वर्षाचा शब्द म्हणून निवड केली. मोठ्यांना कळू नये यातच मुलांची मौज असते, हे मला समजते. मी कचेरीत जन्मभर ज्या 'ओके'वर फायली पुढे पाठवल्या, तोही १८३९ मध्ये बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात 'ऑल करेक्ट'चे स्पेलिंग मुद्दाम बिघडवून केलेल्या गमतीतून छापला गेला होता.

मला सलते ते एवढेच, की जेवलास का विचारले तर तू 'सॉर्टेड' म्हणतोस, नोकरी कशी चालली आहे विचारले तर 'कडक' म्हणतोस आणि आवाज बसलेला का आहे विचारले तर 'चिल' म्हणतोस. रात्रीच्या पाळीनंतर तुझी झोप होते की नाही, हे मला यातल्या एकाही शब्दातून कळत नाही. माणसाने आपल्या माणसांशी तरी पूर्ण वाक्यात बोलावे. दुखत असेल तर दुखते म्हणावे, जमत नसेल तर जमत नाही म्हणावे, कारण झाकून ठेवायची सवय एकदा लागली की. असो. हे व्याख्यान देणार नाही असे ठरवूनच बसलो होतो. क्षमा कर.

सहावीच्या सुटीत तू पुण्याला मावशीकडे गेला होतास, ते आठवते का? तुझे 'करून राहिलो' आणि 'काऊन' ऐकून तिथली मुले हसली आणि परत आल्यावर कितीतरी दिवस तू घरातही जपून बोलत होतास. तेव्हा फुटाळा तलावाच्या काठावर बसून मी तुला सांगितले होते, की हिंदी मुलखाचा शेजार आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, १९५६ पर्यंत नागपूर हे मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांच्या राज्याची राजधानी होते आणि तो सहवास आपल्या बोलीत मुरला आहे. लीळाचरित्र तेराव्या शतकात आपल्या वऱ्हाडात, रिद्धपूरला लिहिले गेले, हेही सांगितले होते. भुट्टा हातातच ठेवून तू विचारलेस, "म्हणजे आपण चुकीचं नाही बोलत ना, बाबा?" रविवारी मी तुझ्याशी त्या मुलांसारखाच वागलो, हे फोन ठेवल्यावर लक्षात आले आणि रात्रभर डोळा लागला नाही. तुझा लागतो का?

आज सकाळी माळ्यावरून आजोबांचा लोड काढला, उन्हात घातला आणि तुझ्या आईने त्याला नवा अभ्रा शिवला. आजी त्याला टेकून बसली आणि म्हणाली, "त्याले सांग, मी लोड घेतला म्हणा." पाळी संपल्यावर किती वाजता झोपतोस आणि किती वाजता उठतोस, तेवढे कळव.

तुझा,
बाबा