पटावरून शाळा जोखू नका

महोदय,
मुरबाड तालुक्यातल्या आमच्या गावात जिल्हा परिषदेच्या दोन प्राथमिक शाळा आहेत. एक गावठाणात, दुसरी कातकरी वाडीवर. कुठली चांगली यावर वाद निघाला की सगळे पटसंख्येवरच बोट ठेवतात. मला हे मुळीच पटत नाही. वाडीवरची बरीच मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीतली हजेरी पाहून त्या शाळेला नापास ठरवणं हा अन्याय आहे.

तुलना करायचीच तर वर्गात जाऊन बसा. वाडीवरच्या बाई पहिलीच्या पोरांना चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करायला लावतात आणि तेवढ्यात चौथीला फळ्यावर हातच्याची वजाबाकी देतात. गावठाणात इमारत पक्की, संगणकही आहे. पण चौथीतल्या काही मुलांना धडा सलग वाचता येत नाही.

कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याची चर्चा 2023 पासून कानावर येते आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 प्रमाणे 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत आणि लहान वर्गांसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. आमच्या वाडीच्या आणि गावाच्या मध्ये ओढा आहे. श्रावणात पहिलीतलं मूल तो ओलांडणार कसं?

शिक्षण विभागाने काहीही ठरवण्याआधी दोन्ही शाळांतल्या मुलांचं वाचन स्वतः ऐकावं, आणि आईबाप भट्टीवर गेले तरी मुलांना इथेच राहून शिकता यावं म्हणून असलेलं हंगामी वसतिगृह दिवाळीआधीच सुरू करावं.

– एक पालक, मुरबाड (जि. ठाणे)