वकीलकाका, सासूबाईंच्या मूळपुरुषाची बायको सापडली

श्री. वकीलकाका यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो, त्यात काय" म्हणून विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र. शिवाय अमेरिकन सासर असलेल्या मराठी मुली आता कमी राहिलेल्या नाहीत. सासरच्या वंशावळीचं काम त्यांच्या गळ्यात पडलंच, तर साताऱ्याच्या एका दिवाणी वकिलाची वाचायची रीत त्यांनाही कळू दे.

आमच्या सासूबाईंकडे होतं काय, तर घरच्या बायबलमधलं एक पान आणि व्हर्जिनियातल्या नॉर्थॅम्प्टन काउंटीत वारलेल्या मूळपुरुषाच्या मृत्युपत्राची टाइप केलेली नक्कल. त्यात बायकोचं नुसतं पहिलं नाव. मुलं चार, आणि थोरल्याला फक्त एक शिलिंग. त्या शिलिंगावरून घरात पिढ्यान् पिढ्या गोष्ट चालत आली होती की बापाने थोरल्याला घराबाहेर काढलं. सासूबाई ती रंगवून सांगायच्या. तुम्ही चष्मा पुसत ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "हा कागद झाला कशासाठी?"

त्या एका प्रश्नावर पुढचं सगळं उलगडलं. त्या काळी व्हर्जिनियात कोणी मृत्युपत्र न करता गेला तर जमीन सगळी थोरल्याकडे जायची. हा कायदा १७८५ पर्यंत होता. म्हणजे मृत्युपत्र करायचं ते मुख्यतः बाकीच्यांच्या पानात काही पडावं म्हणून. "थोरल्याचं आधीच झालेलं असणार. बक्षीसपत्र शोधा," म्हणालात. आणि निघालं की हो! जमिनीच्या व्यवहारांच्या वहीत, मृत्युपत्राच्या बऱ्याच आधी, बापाने थोरल्याला "स्वाभाविक प्रेम व ममतेपोटी" जमीन लिहून दिलेली. शिलिंग होतं ते एवढ्यासाठीच की पुढे कोणी उठून, बाप पोराला विसरला, असं कोर्टात म्हणू नये. सासूबाई जरा हिरमुसल्या. भांडणाची गोष्ट गेली ना!

नॉर्थॅम्प्टनचं कोर्ट जिथे आहे त्या ईस्टव्हिलला आपण गेलो ती सहल तुम्ही विसरला नसाल. चेसापीकच्या खाडीवरचा तो जवळजवळ २८ किलोमीटरचा रस्ता, कुठे पाण्यावरून पूल आणि मध्येच पाण्याखालून बोगदा, १९६४ सालचा. त्याहून जास्त तुम्ही चकित झालात ते तिथल्या दप्तरामुळे. १६३२ पासूनच्या कोर्टाच्या वह्या सलग शिल्लक! व्हर्जिनियात हे नशीबच म्हणायचं. कित्येक काउंट्यांनी अमेरिकेच्या यादवी युद्धात आपली दप्तरं सुरक्षित राहावीत म्हणून रिचमंडला पाठवली आणि एप्रिल १८६५ मध्ये तिथेच ती जळाली. हॅनोव्हर काउंटीचं असंच झालं. तिथल्या मूळपुरुषाचा शोध घ्यायचा असता तर तुमचीही वकिली चालली नसती.

तारखांचा घोळही तुम्हीच सोडवलात. मृत्युपत्र लिहिलेलं नोव्हेंबर १७३१ मध्ये आणि कोर्टात शाबीत झालेलं जानेवारी १७३१ मध्ये. माणूस आधी मेला आणि मग मृत्युपत्र करायला बसला की काय! इंग्रजांच्या राज्यात १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणजे त्यांचा तो जानेवारी आपल्या हिशेबाने १७३२ चा. "आपल्याकडे पाडव्याला शक बदलतो, तसंच," एवढं बोलून तुम्ही पुढचं पान उलटलंत.

मला खरे आभार मानायचेत ते त्या बायकोसाठी. तिचं माहेर कुठलं, हे कोणालाच माहीत नव्हतं. मी मृत्युपत्र पुन्हा पुन्हा वाचत होते आणि तुम्ही मला त्यातून उठवून भोवतालच्या कागदांकडे पाठवत होतात. मृत्युपत्राप्रमाणे कारभार तिच्याकडे आला, तेव्हा तिला कोर्टाला हमीपत्र द्यावं लागलं आणि त्यावर दोन जामीन. "बाईला जामीन कोण राहतो? भाऊ, नाहीतर मेहुणा. त्यांच्या बापांची मृत्युपत्रं काढा." एका जामिनाच्या बापाच्या मृत्युपत्रात ती निघाली. सासरच्या आडनावासकट, "माझी मुलगी" म्हणून. वाट्याला एक पिसांची गादी आणि एक कालवड. त्या हमीपत्रावर तिची सही नाही, नुसती खूण आहे, आणि तीही कारकुनाने वहीत उतरवून घेतलेली. तुम्ही त्या खुणेवर बोट ठेवून, कोर्टात म्हणायची सवय असल्यासारखं म्हणालात, "निशाणी." आपल्या कुलवृत्तांतांत तरी काय वेगळं असतं? सुनांची माहेरं शोधायला तिथेही असंच सोयऱ्याधायऱ्यांतून जावं लागतं.

पुढे कोर्टाच्या हुकमांच्या वहीत ती दुसऱ्या नवऱ्याबरोबर दिसते. धाकट्या मुलाने चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर कोर्टात उभं राहून आपला पालक स्वतः निवडला. तसा हक्क होता. त्याने सावत्र बापाला न निवडता मामाला निवडलं. त्या एका नोंदीतून मुलाचं वय कळलं, मामा पक्का झाला, आणि घरात काय चाललं असेल तेही थोडंफार कळलं. याच वहीत चर्चला न गेल्याबद्दल पाच शिलिंग किंवा पन्नास पौंड तंबाखू असे दंडही आहेत; ते वाचताना तुम्हाला जो आनंद झाला तो मी घरी सगळ्यांना सांगितलाय.

मालमत्तेची यादी मात्र हसत वाचण्यासारखी नव्हती. शेजारच्या शपथ घेतलेल्या माणसांनी घरभर फिरून किमती लावलेल्या. लोखंडी हंडे, कथलाची ताटं, सूत कातायचा चरखा, गुरं. आणि त्याच रकान्यात, तशाच पौंड-शिलिंगच्या आकड्यांसमोर, माणसं. आडनाव नाही, नुसतं हाक मारायचं नाव. एका ओळीत एक बाई आणि तिचं मूल, दोघांची मिळून एक किंमत. सासूबाई म्हणाल्या, हे पान आपल्या वंशावळीत कशाला हवं? तुम्ही आवाज न चढवता म्हणालात की तुमच्या घराण्याला दहा कागद आहेत, या लोकांना बहुधा हा एकच. नावं आहेत त्याच क्रमाने उतरवून घ्या, कारण आई आणि मूल शेजारी लिहिलेलं असतं. खरंच आहे. गुलामगिरीतल्या बहुतेकांची नावं आडनावासकट जनगणनेत आली ती थेट १८७० मध्ये. त्याआधी वंशजांना शोधायचं तर मालकांच्याच मृत्युपत्रांत आणि याद्यांत शोधावं लागतं. ती सगळी नावं आता आमच्या वंशावळीच्या वहीत आहेत, वेगळ्या पुरवणीत ढकललेली नाहीत. आणि ती वही बघायला मागेल त्याला सासूबाई स्वतः ते पान आधी दाखवतात. हे काम माझ्याच्याने झालं नसतं. सुनेने सांगितलं असतं तर वाद झाला असता.

एक गंमत तुम्ही गेल्यावर कळली, ती सांगायची राहिली. त्या काळी जो दुसऱ्याच्या प्रवासाचा खर्च करून त्याला व्हर्जिनियात आणी, त्याला माणशी पन्नास एकर जमीन मागता येई. जॉर्ज मेनिफी नावाच्या एका बड्या मळेवाल्याच्या १६३० च्या दशकातल्या अशाच मागणीत "टोनी, ईस्ट इंडियन" अशी नोंद आहे. म्हणजे शिवाजी महाराज लहान होते तेव्हा आपल्या बाजूचा कोणीतरी इथे पोचलेला होता! तो हिंदुस्थानात कुठला, कोणत्या बंदरातून निघाला, हे त्या कागदाला लिहायचं कारणच नव्हतं. तुमचाच प्रश्न लावून बघितला.

आता कामाचं. मूळपुरुषाच्या बायकोचा दुसरा नवराही वारला. त्याने हयातीत आपली काही जमीन विकली होती. असा व्यवहार पक्का व्हायचा तर न्यायाधीशांनी बायकोला नवऱ्यापासून बाजूला घेऊन, ती राजीखुशीने हक्क सोडते का, हे विचारून नोंद करायची, असं तुम्हीच सांगितलं होतंत. ती नोंद मला कुठे मिळत नाही. उलट पुढच्या वहीत तिने खरेदीदारावर विधवेच्या एक तृतीयांश हिश्श्यासाठी दावा लावलेला दिसतोय, स्वतःच्या नावाने. कारकुनाचं अक्षर भयंकर आहे आणि निकालाच्या पानाला पाणी लागलंय. फोटो पाठवलेत. मला "तहकूब" एवढंच लागतंय. रविवारी तुमच्या संध्याकाळी फोन करते, तोवर बघून ठेवा. काकूंना नमस्कार सांगा.

आपली,
रिचमंडची कऱ्हाडकर सून