सिरीयलींबद्दल विचारलंस म्हणून

प्रिय मंदार,

परवा फोनवर तू विचारलंस की आई, इथं अमेरिकेत होतीस तेव्हा बघितलेल्यातली तुला नक्की कुठली सिरीयल आवडली आणि का आवडली ते सांग, माझी आणि ऋताची पैज लागलीये. पैज खरंच लागलीये का विषय बदलायला विचारलंस ते मला माहीत नाही, पण विचारलंस तर सांगते. बाबा म्हणाले फोनवर सांग की, एवढं टाईप कशाला करत बसतेस. पण हल्ली फोनवर तू हो हो करतोस आणि दोन मिनिटांत ओवीला पुढं करतोस, म्हणून लिहूनच पाठवते. फक्त सिरीयलींबद्दल लिहिणारे. बाकी काही विचारणार नाहीये. मंगळवारी आमचे रात्रीचे साडेआठ म्हणजे तुझे सकाळचे अकरा, तेव्हा तू टीशर्टवर किचनमध्ये डोसे घालत होतास, ते पण नाही. सुट्टी घेतलीये म्हणालास. बरं.

तर माझा पहिला नंबर रेमंडचा, म्हणजे ती एव्हरीबडी लव्हज रेमंड. तुझा मॉडर्न फॅमिली आणि ऋताचा ती इंडियानातल्या हेक लोकांची द मिडल, हे मला माहितीये. बाबांचा कुठलाच नाही कारण त्यांचं अजून त्या मागून ऐकू येणाऱ्या हसण्यावरच अडलंय. आपण कधी हसायचं ते हे लोक ठरवणार का म्हणे. तू त्यांना किती समजावलंस की काही ठिकाणी मशीनचं हसू असतं, तो चार्ली डग्लस नावाचा साऊंड इंजिनियर होता त्यानं हसण्याची पेटीच बनवली होती, पण रेमंडसारख्या सिरीयली खऱ्या प्रेक्षकांपुढं व्हायच्या, आणि ती तीन कॅमेरे लावून प्रेक्षकांसमोर शूट करायची पद्धत 1951 मध्ये आय लव्ह लुसीनं बसवली. मला ते लगेच पटलं. भावे नाट्यमंदिरात शेजारचा हसला की आपण जास्त हसतो ना, तसंच. आणि बघ, ते नट वाक्य टाकून हशा वसूल होईपर्यंत थांबतात, आपल्या नाटकातले थांबतात तस्सेच. डायनिंग टेबलाच्या आपल्या बाजूच्या खुर्चीवर कुणी बसत नाही, सोफा भिंतीला टेकलेला नसतो तर आपल्याकडं तोंड करून मधोमध असतो, म्हणजे हे नाटकच आहे. हे मी बाबांना सांगितलं तर म्हणाले मग तिकीट काढून नाटकालाच जाऊ.

रेमंड का आवडली सांगते. रेमंडचं घर न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला, आणि समोरच्याच घरात आईबाप. ती आई, मेरी, बेल न वाजवता आत येते, येताना हातात काहीतरी शिजवलेलं असतं आणि सून त्या डब्याकडं बघते. आता तू म्हणशील हे तर आपल्याकडं घरोघरी आहे, यात विनोद काय. तोच तर मुद्दा आहे. तिकडं पोरगा मोठा झाला, लग्न झालं, तीन पोरं झाली तरी आईबापाच्या समोर राहतो हीच गंमत आहे. म्हणून मला वाटतं आपल्याकडं त्याचं हिंदी केलं, सुमित संभाल लेगा, 2015 मध्ये, ते फार चाललं नाही. आपल्याला त्यात काही विचित्रच दिसेना. सासू घरात आली, बरं मग? ती जाणार कुठं?

पहिल्याच भागात रेमंड आईला वाढदिवसाला फळांची भेट देतो, दर महिन्याला घरी एक पेटी येणार, आणि मेरी खूश व्हायच्या ऐवजी घाबरीघुबरी होते की एवढ्या फळांचं मी करू काय, मला कशाला अडकवलंस. ऋता पोट धरून हसली आणि मधेच माझ्याकडं बघितलं. एअर फ्रायरवरून बघितलं ते मला कळलं, मी पण हसले. (तो अजून माळ्यावरच आहे. बाबांना सांगू नकोस, त्यांना वाटतंय मी वापरते.) ती गोष्ट म्हणे ज्यानं ही सिरीयल काढली त्या फिल रोझेनथालच्या आईच्या बाबतीत खरोखर घडलेली. मला ते ऐकून पटलं. कुणीतरी खोलीत बसून विनोद जुळवले असते तर फळं सुचली नसती.

आणि ती बॅग! तुम्ही दोघं ते बघताना गप्प का झाला होता ते मला तेव्हा कळलं नाही. रेमंड आणि त्याची बायको डेब्रा गावाहून येतात, बॅग जिन्यात मधल्या पायरीवर ठेवतात, आणि ती वर कुणी न्यायची यावर दोघं अडून बसतात. बोलत कुणीच नाही, नुसती बॅग जिन्यात, येताजाता तिला वळसा. मग रेमंड त्यात वास मारणारं चीज कोंबतो. शेवटी मेरी डेब्राला आपल्या भिंतीवरच्या त्या भल्यामोठ्या लाकडी काट्या-चमच्याची गोष्ट सांगते, तिचं आणि नवऱ्याचं, फ्रँकचं, पण असंच कशावरून तरी झालेलं आणि ते राहूनच गेलं, आणि म्हणते की चीजनं भरलेल्या बॅगेचा तुझा काटा-चमचा होऊ देऊ नकोस. त्या भागाच्या लेखकाला 2003 ला एमी, तो तिकडचा टीव्हीचा पुरस्कार, मिळालं असं तूच वाचून दाखवलंस. मिळायलाच पाहिजे. तुमच्या जिन्यात काही नाही ना? ऋता परवा ओवीचं डेकेअर बंद केल्याचं बोलली आणि लगेच म्हणाली की अहो आई, उन्हाळ्यापुरतंच. मी काही बोलले नाही. डेकेअर महाग असतं हे मला माहितीये, पण गेल्या उन्हाळ्यात तर बंद नव्हतं केलं.

असो. सिरीयली.

मी एवढ्या बघितल्या त्यावरून मला काय वाटतं सांगू का, विनोद वगैरे नंतर. यांच्या प्रत्येक भागात घरातलं एक माणूस बाकीच्यांपासून काहीतरी लपवत असतं. कधी गाडीला पोचा आलाय, कधी मार्क कमी पडलेत, कधी बायकोला न सांगता काहीतरी विकत घेतलंय. आणि बघणाऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत ते माहिती असतं. मग पुढचा सगळा वेळ तो माणूस एक लपवायला दुसरं लपवतो, त्यासाठी तिसरं, आणि आपण हसतो. बावीस मिनिटांत उघडं पडतं आणि घरचे ओरडतात आणि मग सोफ्यावर बसतात. सगळा खेळ याच्यावर चाललाय. घरच्यांना ते आधीच कळलेलं असतं असे भाग मला जास्त आवडतात. मला माहितीये आणि मी बोलत नाहीये, हे करणारी बाई जी असते ना तिचं काम सगळ्यात अवघड असतं.

ऋतानं दुपारी मला ती जुनी रोझॅन दाखवली होती, 1988 ची, तू ऑफिसमध्ये असायचास. (तेव्हा असायचास.) ती तुझ्या बाबांना दाखवायला पाहिजे होती. इलिनॉयमधलं लहान गाव, बाई प्लॅस्टिकच्या कारखान्यात, नवरा घरांच्या भिंती-बिंती बसवायची कंत्राटं घेणारा, आणि सोफ्यावर कुणीतरी विणलेली गोधडी. बाकीच्या सिरीयलीत लोकांची घरं बघ, एवढाली, आणि कामावर कोण कधी जातं ते दिसत नाही. इथं मात्र पैसा दिसतो. ती कारखान्यातली नोकरी सोडते, मग ब्युटी पार्लरमध्ये झाडू मारते, मग हॉटेलात वाढते. नवरा मोटारसायकलींचं दुकान काढतो, ते बसतं. एका भागात घरातले दिवेच जातात, बिल भरलेलं नसतं, आणि अंधारात ती म्हणते की चला, मध्यमवर्गात होतो तेव्हा मजा आली. मी हसले आणि मग ऋताला चहा करते म्हणून उठले. पुढं 2018 मध्ये रोझॅनचं काम करणारी ती बाई कायतरी घाणेरडं ट्विट करून बसली आणि नव्यानं चालू केलेली सिरीयल बंद पाडली गेली ते ऐकून वाईट वाटलं, पण जुनीतलं ते किचनचं टेबल खरं होतं. नवरा-बायको बिलं पसरून बसतात, काय आधी भरायचं ते ठरवतात, पोरं आजूबाजूला असतात, पोरांना सगळं माहिती असतं.

आपल्याकडं पोरांना माहिती नसायचं. तू सातवीत होतास, बाबांच्या कारखान्याचे पगार थांबले होते. तुला आठवत असेल ते गणपतीपुळ्याचं रद्द झालं एवढंच. बाबा रोज डबा घेऊन निघायचे, संध्याकाळी यायचे, मला म्हणायचे आज फार काम होतं. मला तिसऱ्या दिवशी कळलं होतं कारण शर्टाला मळीचा वास येईनासा झाला. एरवी त्या वासानं बादली वेगळी ठेवायचे मी. वाचनालयात बसायचे ते, पेपर वाचत, नानांनी बघितलं होतं. मी काही बोलले नाही, डबा देत राहिले, फक्त पोळ्या दोनाच्या तीन केल्या, दिवसभर बसून माणसाला जास्त भूक लागते. ते आजतागायत माझ्याशी त्यावर बोललेले नाहीत आणि मीही नाही. तुला पहिल्यांदा सांगतेय. तू त्यांच्यावर गेलायस, हसतोस पण तसाच, आधी मान खाली घालून.

मॉडर्न फॅमिलीबद्दल. चांगलीच आहे, नाही म्हणत नाही, पाच वर्षं ओळीनं एमी मिळालं म्हणजे काय थोडं नाही. पहिल्या भागात तीन वेगळी घरं वाटतात आणि शेवटी कळतं की एकच कुटुंब आहे, ते मला फार आवडलं होतं. तो फिल बाप म्हणून गोड आहे. पण एक गोष्ट मला खटकते. ते लोक मधूनमधून सोफ्यावर बसून कॅमेऱ्याशी बोलतात ना, त्यांच्या मनातलं खरं ते तिथं बोलतात. घरच्यांशी भलतंच बोलतात आणि कॅमेऱ्याला खरं सांगतात. विनोदाला ते बरोबर आहे, पण आपल्याकडं कॅमेरा नसतो रे. मग ते खरं कुणाला सांगायचं? निदान ऋताला सांगत जा. तिला माहिती असेलच म्हणा, ती हुशार आहे, आणि मला सांगायला तिला तूच बंदी केली असणार. तिच्यावर मी चिडलेले नाही.

आणि हो, ऋताची मिडल मी आधी नावं ठेवली होती, ते मागे घेते. त्यातली फ्रँकी, रेमंडमध्ये डेब्रा होती तीच बाई, पॅट्रिशिया हीटन. गाड्यांच्या शोरूममधली नोकरी जाते तिची. एवढी मोठी, तीन पोरांची आई, आणि शाळेत बसल्यासारखी डेंटिस्टच्या हाताखालचा कोर्स करते. घर तेवढंच पसरलेलं, तो धाकटा ब्रिक शब्द पुटपुटत फिरतोय, आणि ही अभ्यास करतेय. लाज वगैरे कुणाला वाटत नाही तिथं. नोकरी गेली म्हणजे माणूस गेला असं नसतं, नोकऱ्या कंपनीच्या हिशोबानं जातात, त्यात आपली अक्कल कुणी मोजत नाही. वालचंद कॉलेजात पहिल्या पाचात आलेल्या पोराला हे मी सांगावं असं नाही, पण कधी कधी हुशार पोरांनाच ते सांगावं लागतं कारण त्यांना नापास व्हायची सवय नसते, आणि मग ते रात्री तीनला व्हॉट्सअॅपवर ऑनलाईन दिसतात. आणि तेवढ्यासाठी आधीपासून सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा, घराचं कर्ज घेताना मी म्हटलंच होतं

जाऊ दे. लेक्चर झालं, सॉरी. तुला उद्देशून नव्हतं, फ्रँकीवरून आठवलं.

बाबांनी परवा माझ्या फोनवर काहीतरी शोधून तसंच उघडं ठेवलं होतं. एच-वन-बी व्हिसावर तिकडं नोकरी करणाऱ्यांची नोकरी गेली तर जास्तीत जास्त 60 दिवस राहता येतं, त्यात दुसरी मिळाली पाहिजे किंवा काहीतरी अर्ज केला पाहिजे, असं. म्हणजे ते पण बघतायत. मला बोलले नाहीत. मी पान बंद केलं आणि त्यांना चष्मा कुठं ठेवलाय विचारलं.

तुझ्या पैजेचं उत्तर म्हणजे रेमंड एक, रोझॅन दोन, मिडल तीन, मॉडर्न फॅमिली चार. ती फुल हाऊस मला मुळीच आवडत नाही, शेवटी ते संगीत सुरू झालं की सगळे मिठ्या मारतात. भांडण मिटलं की मिठी मारायची असा नियम असल्यासारखं. मिटलं की आपण जेवायला बसतो.

आणि एक, माहिती म्हणून. विश्रामबागच्या बँकेतली एफडी पुढच्या महिन्यात मॅच्युअर होतेय. बाबा दर वेळी आधीच रिन्यूचा फॉर्म भरून ठेवतात, या वेळी भरला नाहीये. लिहू नकोस म्हणालेत म्हणून लिहितेय. तुला नको असेल तर नको, ओवीच्या नावानं पडून राहील, पण इथली तुझी खोली मी रंगवून घेतलीये तशीही, पावसाच्या आधी घ्यायचीच होती.

खालच्या वहिनींची मुलगी अठराला निघतेय, डेट्रॉईटला उतरणार आणि तिथून पार्सल करणार आहे. तिच्या बॅगेत आपल्याला दोन किलोच जागा आहे. ओवीचे दोन फ्रॉक धरले तर भडंग किंवा मेतकूट, दोन्ही बसणार नाही. गोडा मसाला ऋता नको म्हणालीये. काय पाठवू ते रविवारच्या आत कळव.

तुझी
आई